मे महिन्यातलं पाणी कुणाचं?

ऐन मे महिन्यात पुण्यातल्या पाषाणच्या किंवा बाणेरच्या पुलावरून खाली पाहा, रामनदी वाहताना दिसते. पाऊस जाऊन सहा-सात महिने झालेले असतात, टेकड्यांवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि नदीला मात्र पाणी. बाहेरगावचा पाहुणा म्हणेल, चांगलंय, तुमची नदी बारमाही आहे! काठावर राहणारे त्यावर नाक मुरडतात. पण नाकाने दिलेला निकाल पुरता बरोबर नसतो. त्या पाण्यात सांडपाण्याबरोबर नदीचं स्वतःचंही काही असू शकतं. ते किती, हे ओळखायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

रामनदी मुळशी तालुक्यात खाटपेवाडीकडे उगम पावते आणि भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत औंधजवळ मुळेला मिळते. लांबी जेमतेम वीस किलोमीटर. सकाळी उगमापाशी चहा घेऊन निघालात तर दिवे लागायच्या आत पायी संगमावर पोचाल. पण ही झाली नुसती रेघ. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या माथ्यापर्यंत, जिथे पडलेला थेंब उतारावरून शेवटी याच नदीत येतो, तो सगळा वाडगा म्हणजे तिचं पाणलोट क्षेत्र. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. वर्षाला सातशे मिलिमीटर धरलं तर त्या एका हेक्टरवर सत्तर लाख लिटर.

यातलं काही लगेच वाहून जातं, काही वाफ होऊन उडतं, काही मुरतं. मुरलेलं पाणी थांबतं कुठे, हे कळायला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाकडे जावं लागतं. पुण्याचा खडक हा थरांवर थर साचलेला बेसॉल्ट. विहीर खणणाऱ्या माणसाला हे थर चांगले ठाऊक असतात: वर माती, मग मुरूम, मग पोकळ्यांचा, झिजलेला मांजऱ्या खडक, आणि त्याखाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. पाणी मुरमातून, मांजऱ्यातून आणि भेगांतून हळूहळू खाली झिरपतं, काळ्या पाषाणावर अडतं आणि आडवं सरकू लागतं. नदीने हा सांधा जिथे कापून उघडा केला असेल तिथे झरा फुटतो. बावधनला रामनदीच्या काठी असे जिवंत झरे आहेत.

यात एक मेख आहे. थरांचा उतार आणि जमिनीचा उतार एकाच दिशेला असेल असं नाही. झऱ्याला पाणी पुरवणारी जागा नदीकाठापासून बरीच दूर, एखाद्या टेकडीच्या उतारावर असू शकते. तिथे पाया खणला, उतार कापला किंवा आवार फरसबंद केलं, तर झरा आटतो आणि का आटला हे काठावरच्या कुणालाच कळत नाही. अक्वाडॅमसारख्या पुण्यातल्या भूजल अभ्यासकांच्या संस्था नकाशावर नदीच्या निळ्या रेघेइतकंच लक्ष खडकांच्या थरांकडे देतात, ते यासाठीच.

पाऊस उघडल्यावर ओढ्यात जे वाहतं ते या मुरलेल्या पाण्याच्या जोरावर. शास्त्रज्ञ त्याचा उतरता आलेख काढतात. गावाकडे हेच मोजमाप सणांनी होतं. ‘आमचा ओढा दिवाळीपर्यंत चालायचा’, ‘संक्रांतीपर्यंत’, ‘होळीपर्यंत’. मला ही नोंद फार मोलाची वाटते. जुन्या माणसाला ‘पूर्वी पाणी किती होतं?’ असं विचारलं तर तो ‘भरपूर’ म्हणतो आणि आपल्या हाती काही लागत नाही. ‘कुठल्या सणापर्यंत असायचं?’ असं विचारलं की तारीख मिळते.

प्रवाह मोजायला एक लिंबू पुरतं. काठ सरळ असलेली दहा मीटरची पट्टी निवडायची, लिंबू सोडायचं, सेकंद मोजायचे. (पुलाखाली लिंबू घेऊन वाकलेला माणूस बघून लोक भलताच अर्थ काढतात, ते सोसावं लागतं.) समजा चाळीस सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. तळाशी पाणी संथ असतं म्हणून त्यातला पाचवा हिस्सा वजा करायचा. पात्र दोन मीटर रुंद आणि सरासरी वीतभर, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर खोल असेल, तर सेकंदाला ऐंशी लिटर. दिवसाचे जवळपास एकोणसत्तर लाख लिटर झाले.

आता हीच मोजणी उन्हाळ्यात वरच्या पुलावर आणि खालच्या पुलावर करा. पावसाचा थेंब नसताना खाली पाणी वाढलं, तर मध्ये कुठून तरी ते येतंय. झरा की गटार? इथे खिशात मावणारा वाहकतामापक कामाला येतो. पाण्यात जितके क्षार विरघळलेले, तितकी त्यातून वीज सहज जाते. झऱ्याच्या पाण्याची वाहकता कमी असते. साबण, मीठ आणि मलमूत्र मिसळलेल्या पाण्याची बरीच जास्त. तापमापीही बोलते: झऱ्याचं पाणी दिवसभर जवळपास एकाच तापमानाला असतं. आणि सगळ्यात गमतीची खूण घड्याळात आहे. झऱ्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. सांडपाण्याला मात्र सकाळी आंघोळी आणि धुणीभांडी सुरू झाली की भरती येते, मध्यरात्रीनंतर ओहोटी. दर तासाला मोजलं तर नदी कुणाच्या वेळापत्रकावर चालते ते उघड होतं.

एवढीही साधनं नसतील तर दगड उलटा करून पाहावा. मेफ्लाय या नाजूक कीटकाची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यातला प्राणवायू घटला की ती आधी नाहीशी होतात. चतुर आणि टाचण्या (चतुरांचे बारीक भाईबंद) यांच्या पिल्लांमध्ये सोशिक जाती पुष्कळ असल्याने ती त्यानंतरही दिसत राहतात. शेवटी उरतात चिखलातल्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जवळपास प्राणवायू नसलेल्या गाळातही त्यांचं भागतं. पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाचं सांगतो. दगडाखालचे हे रहिवासी गेल्या कित्येक आठवड्यांचं सांगतात.

रामनदीवर काम करणारे लोक आहेत. रामनदी पुनरुज्जीवन अभियान आहे, आणि औंधला मुळेच्या संगमाजवळ जीवितनदी या संस्थेचे कार्यकर्ते नदीकिनारा दत्तक घेऊन तिथे नियमित जमतात. कचरा उचलणं चांगलंच, त्याचे फोटोही छान येतात. पण माझं मत विचाराल तर हातमोजे घालणाऱ्या दहांपैकी दोघांनी वही धरावी. उचललेलं प्लॅस्टिक पुढच्या पुराबरोबर पुन्हा येतं, आणि महापालिकेच्या टेबलावर अमुक पुलाखालचे आकडे ठेवले की निदान ‘पाणी कुठून येतं?’ हा प्रश्न तरी टाळता येत नाही.

वहीत पुराचंही एक पान हवं. ऑक्टोबर २०१० मध्ये पाषाण परिसरात काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि हीच बारीक नदी घरांत शिरली. ते उधाण आणि उन्हाळ्यातली स्वतःच्या पाण्याची चणचण, दोन्हींचं एक कारण सारखंच आहे: वाडग्याचा बराच भाग सिमेंटखाली गेला. पाणी मुरायचं थांबलं की तासाभरात येतं आणि तासाभरात जातं.

वही कोजागरीच्या सुमारास सुरू करावी, पाऊस नुकताच उघडलेला असताना. पहिल्या पानावर तारीख, पुलाचं नाव, लिंबाला लागलेले सेकंद आणि वाहकता.