सेकंदाखाली पुन्हा सेकंद कशाला?

त्वरणाचं, म्हणजे वेग बदलण्याच्या दराचं, एकक 'मीटर प्रति सेकंद वर्ग' असं वाचलं की मुलं त्या वर्गापाशीच अडतात. चौरस मीटर फरशीवर आखून दाखवता येतो, सेकंदाचा वर्ग कुठे दाखवायचा? दाखवायची गरजच नाही. तिथं सेकंद दोनदा आलाय तो दोन वेगळ्या कामांसाठी.

बेळगावहून निपाणीकडे निघालेली बस घ्या. हायवेला लागल्यावर ड्रायव्हरनं १० सेकंदांत वेग ताशी ३६ किलोमीटरवरून ७२ वर नेला. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर आणि ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेग १० सेकंदांत १० मीटर प्रति सेकंदानं वाढला, म्हणजे दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदानं. यातला एक सेकंद वेगाच्या मापातला आणि दुसरा तो वेग बदलायला लागलेल्या वेळातला. दोन्ही एकत्र लिहिले की १ मी/से².

आपल्या शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर बस ७२ च्या एकसारख्या वेगानं चालली असेल तर उभ्या माणसालाही दांडी घट्ट धरावी लागत नाही. पण पुढे म्हैस आडवी आली आणि तीच बस ४ सेकंदांत थांबवली, की त्वरण उणे ५ मी/से² होतं आणि सगळे पुढे कलंडतात.

पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहायला गेलात तर कठड्याशी जरा जास्त वेळ थांबा. घटप्रभेचं लालसर पाणी तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळतं. कड्यावरून सुटलेल्या एकाच थेंबाचा विचार करा. हवेचा विरोध सोडला तर त्याचा खाली पडण्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदानं वाढत जातो. पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर उतरतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. हे प्रमाण १:३:५ असं आहे. विषम संख्यांची ही चढण गॅलिलिओला उतरत्या फळीवरून गोळे सोडताना सापडली आणि १६३८ साली त्याच्या ग्रंथात छापून आली. मला तरी भौतिकशास्त्रात याहून देखणा हिशोब ठाऊक नाही. सव्वातीन सेकंदांत थेंब तळाशी पोचेल तेव्हा त्याचा वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास असायला हवा. प्रत्यक्षात हवा पाणी फोडते, अडवते, त्यामुळे बारीक तुषारांना एवढा वेग कधीच येत नाही.

आता जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे वळू. इथं स्पीडोमीटरचा काटा स्थिर ठेवूनही त्वरण होतं, कारण भौतिकशास्त्रात वेगात दिशाही धरतात; नुसती दिशा बदलली तरी वेग बदलतो. वळणावरचं हे त्वरण काढायला वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येनं भागायचं. समजा वळणाची त्रिज्या २५ मीटर आहे. ताशी १८ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला ५ मीटरनं, वळलात तर त्वरण १ मी/से². ताशी ३६ नं वळलात तर २ नाही, ४ मी/से². वेग दुप्पट, त्वरण चौपट. ते सगळं टायर आणि रस्त्यातल्या घर्षणातूनच यावं लागतं, आणि ओल्या डांबरावर तेच घर्षण कमी झालेलं असतं.