म्हातारपणातले पाण्याचे फोड (बुलस पेम्फिगॉईड)

बुलस पेम्फिगॉईड हा अंगावर पाण्याने भरलेले टम्म फोड आणणारा ऑटोइम्यून त्वचारोग, बहुतेक करून सत्तरीच्या पुढे होणारा. वरची कातडी खालच्या थराला धरून ठेवणारी बीपी१८० आणि बीपी२३० नावाची प्रोटीन्स असतात, शरीराच्याच अँटिबॉडीज त्यांच्यावर उठतात, पकड सुटते आणि मधे पाणी साचतं. १९५३ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी हा आजार पेम्फिगस या फोडांच्याच दुसऱ्या एका ऑटोइम्यून आजारापासून वेगळा काढला.

निदान चुकतं ते सुरुवातीलाच, कारण फोड यायच्या आधी कितीतरी आठवडे, कधी कधी महिनोन्महिने नुसती खाज असते, फार तर पित्त उठल्यासारखे लाल चट्टे, मग घरचे म्हणतात वयामुळे कातडी कोरडी पडली, खोबरेल लावा, नाहीतर खरूज समजून औषध चालू होतं. आणि फोड आले की आपल्याकडे ठरलेलंच, नागीण! पण नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि ठणकते, हे फोड दोन्ही मांड्यांवर, पोटावर, दंडाच्या आतल्या बाजूला येतात आणि मरणाचे खाजतात. पेम्फिगसचे फोड लिबलिबीत, हात लागला की फुटणारे, तोंडातही बहुतेक जखमा असतात. भारतात पेम्फिगसच जास्त दिसतो म्हणून तोही डोक्यात ठेवावा लागतो.

खरी भानगड बायॉप्सीत, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासण्यात होते. तुकडे दोन घ्यायचे, एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन), दुसरा फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीतल्या अँटिबॉडीज चमकवून दाखवणारी तपासणी), आणि हा चुकून फॉर्मेलिनमध्ये टाकला की गेलाच वाया. पहिल्यात एपिडर्मिसखाली (कातडीच्या वरच्या थराखाली) फट आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते, दुसऱ्यात बेसमेंट मेम्ब्रेनवर, म्हणजे दोन थरांच्या सांध्यावर, आयजीजी (अँटिबॉडी) आणि सी३ (प्रतिकारशक्तीचं प्रोटीन) ची सलग चमकती रेघ.

पेशंटची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून बघायलाच हवी. डायबेटिसच्या ग्लिप्टिन गोळ्या, त्यातही व्हिल्डाग्लिप्टिन, हा आजार सुरू करू शकतात आणि आपल्याकडे त्या सर्रास चालतात. मात्र गोळी घरच्या घरी बंद करू नये, डॉक्टर बदलून देतात. पार्किन्सन, पॅरालिसिस, डिमेन्शिया असलेल्यांतही हा आजार जास्त दिसतो, आणि विस्मरणामुळे खाज कधीपासून हे त्यांना सांगताच येत नाही, सांभाळणाऱ्याला विचारावं.

उपचारात क्लोबेटासोल हे स्टिरॉइडचं मलम, तेही नुसत्या फोडांवर नाही तर अंगभर, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी. प्रेडनिसोलोनने शुगर चढते, त्यामुळे शक्य तिथे मलमावरच भागवतात.