आंबट बिअरची हवा काही एकट्या ब्रसेल्सची नाही

लॅम्बिकसारखी, म्हणजे हवेतल्या जंतूंनी आपोआप आंबणारी बिअर फक्त ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यातच होते, तिथलं यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) दुसरीकडे मिळतच नाही, असं घरी बिअर करणारेही छातीठोकपणे सांगतात. साफ चूक! तिला घोड्याच्या खोगिरासारखा वास (हो, तो हवाहवासा असतो) देणाऱ्या ब्रेटानोमायसिस या यीस्टची ओळख १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्यातल्या क्लाउसेन या संशोधकानं करून दिली, तीही इंग्लिश बिअरमधून. नावाचा अर्थच ‘ब्रिटिश बुरशी’. अमेरिकेतल्या मेन राज्यात अलागॅश या बिअर कारखान्यानं २००७ मध्ये उघडं, पसरट भांडं बसवलं. उकळलेलं माल्टचं पाणी त्यात रात्रभर निवतं आणि तिथल्याच जंतूंनी आंबतं. बरेच जंतू तर बिअर मुरवायच्या जुन्या लाकडी पिंपांतच मुक्कामाला असतात. घरी करणाऱ्यांनी मात्र उन्हाळ्यात हा खटाटोप करू नये. उकाड्यात नको ते जंतू आधी शिरतात.