सदर्कच्या जुन्या सराया आणि पब

सदर्क म्हणजे लंडन ब्रिज उतरलं की थेम्सच्या दक्षिणेला लागतो तो भाग. इथला बरो हाय स्ट्रीट एकेकाळी सरायांनी नुसता भरलेला होता. कारण सोपंय, वेस्टमिन्स्टरचा पूल झाला 1750 मध्ये, तोवर दक्षिणेकडून लंडन शहरात शिरायला लंडन ब्रिज हा एकच पूल, केंटकडून, डोव्हर बंदराकडून येणारा माणूस याच रस्त्याने यायचा आणि रात्री पुलाचा दरवाजा बंद झाला की अलीकडेच अडकायचा. मग त्याला झोपायला खाट, घोड्याला चारा आणि प्यायला बिअर एकाच ठिकाणी मिळायला नको? साधे गुत्ते वेगळे, ते गावातल्यांसाठी, तिथे मुक्कामाची सोय असेलच असं नाही.

रस्त्यावरून बघितलं तर सराईची फक्त कमान दिसायची, आत लांबलचक अंगण, भोवती लाकडी गॅलऱ्या, खोल्यांची दारं त्या गॅलरीतच उघडणारी, थोडक्यात आपली चाळच, फक्त खाली घोडे बांधलेले. 1598 मध्ये जॉन स्टो या इतिहासकाराने लंडनचं वर्णन लिहिलं त्यात इथल्या आठ सराया नावानिशी दिल्यात.

सगळ्यात गाजलेली टॅबर्ड. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले कँटरबरीच्या तीर्थयात्रेला निघालेले यात्रेकरू इथेच जमतात, आणि त्यांचा तो बडबड्या यजमान हॅरी बेली निव्वळ काल्पनिक नाही बरं का, त्या नावाचा सराईवाला तेव्हा सदर्कमध्ये खरंच होता आणि पार्लमेंटवर निवडूनही गेला होता! शेजारच्या व्हाइट हार्टमध्ये 1450 मध्ये राजाच्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या जॅक केडने तळ ठोकला होता. क्वीन्स हेड ही जॉन हार्वर्डच्या घरच्यांची, तो 1637 मध्ये अमेरिकेला गेला, पुढच्याच वर्षी वारला आणि अर्धी इस्टेट नि पुस्तकं तिथल्या नव्या कॉलेजला देऊन गेला, तेच आजचं हार्वर्ड.

1676 च्या आगीत टॅबर्ड, व्हाइट हार्ट, जॉर्ज सगळ्या जळाल्या, पण धंदा जोरात असल्यामुळे लगेच परत उभ्याही राहिल्या. पुढे स्टेजकोचच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासी घोडागाड्यांच्या जमान्यात तर चांदीच होती. खरा घाव घातला रेल्वेने. 1836 मध्ये लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत लांबच्या घोडागाड्या बंदच पडल्या, मुक्काम करणार कोण? टॅबर्ड 1873 मध्ये पाडली, व्हाइट हार्ट 1889 मध्ये.

उरली ती एकटी जॉर्ज, आणि तीही पूर्ण नाही. रेल्वे कंपनीने ती गोदामासाठी वापरली आणि तीन बाजूंपैकी दोन बाजू पाडून टाकल्या, म्हणजे आधी गिऱ्हाईक पळवलं, मग भिंतीही! 1677 ची दक्षिणेकडची बाजू तेवढी राहिली, आता ती लंडनमधली गॅलरीवाली एकमेव सराई आहे. 1937 पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, खाली पब जोरात चालतो, वरच्या झोपायच्या खोल्यांचं मात्र कधीच रेस्टॉरंट झालंय.