वृद्धांची घरगुती मालीश (नाशिक)

आजारपण, शस्त्रक्रिया किंवा उतारवय यांमुळे घरीच शुश्रूषा घेणाऱ्या वृद्धांचे अंग हाताने, बहुधा तेल लावून, चोळणे व हलके दाबणे. आयुर्वेदात यासाठी अभ्यंग व मर्दन हे शब्द आहेत. घरात मात्र ‘अंग चोळून देणे’, ‘पाय चेपून देणे’ असेच म्हणतात. या मालिशीने रोग बरा होत नाही. दुखणे थोडे हलके व्हावे, आखडलेले सांधे सैल व्हावेत, झोप लागावी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसातून एकदा तरी मायेचा स्पर्श मिळावा, यासाठी ती करायची असते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवरच्या नाशकात हिवाळा चांगलाच जाणवतो. जवळच्या निफाडला तर पारा काही वर्षी ५° से.च्याही खाली उतरतो. गुडघे आणि कंबर याच दिवसांत जास्त धरतात, असे म्हातारी माणसे सांगतात. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत आजीचे पाय सून किंवा नातवंडे चेपून देत. नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून (स्थापना १९२५), किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या कित्येक घरांत आता दोघेच उरतात, मुले पुण्याला किंवा परदेशी असतात. त्यामुळे हे काम बाहेरच्या हातांकडे गेले आहे.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींनाच पुष्कळदा ‘आजींचे गुडघेही बघा’ असे सांगितले जाते. घरी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा अंग पुसणे, डायपर बदलणे, भरवणे या कामांबरोबर मालीश करतात. वैद्यांच्या सल्ल्याने पंचकर्म जाणणारा माणूस किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फिजिओथेरपिस्टही घरी येतो. फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. साधी मालीश करणाऱ्यांना तशी सक्ती नाही. म्हणून कामावर ठेवताना ‘किती वर्षे करता?’ एवढेच न विचारता ‘कुठे हात लावत नाही?’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून माणसाची खरी पारख होते.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा, तो जरा, श्रम आणि वात दूर करतो, डोके, कान व पाय यांना विशेष करून तेल लावावे, असे सांगितले आहे. कफाने ग्रासलेल्याने, नुकतेच शोधन (वमन, विरेचन अशी शरीरशुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तो टाळावा, असेही तिथेच लगोलग म्हटले आहे. घरोघरी यातला पहिला भाग पाठ असतो, दुसरा कुणाला आठवत नाही.

तेल बहुतेक घरांत तिळाचे किंवा खोबरेल; सांध्यांसाठी नारायण तेल किंवा महानारायण तेल. शेकायला निर्गुडीचा पाला किंवा ओव्याची पुरचुंडी. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करतात आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघतात. जुन्या मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही, त्यामुळे त्याला ‘गरम लागतंय का?’ असे विचारून भागत नाही. रुग्णाला कुशीवर वळवून पाठीशी आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. तळहात पूर्ण टेकवून बोटांकडून वर, हृदयाच्या दिशेने, लांब व संथ फिरवावा. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. जेवणानंतर लगेच करू नये. रात्री तळपाय काशाच्या वाटीने घासले की अनेकांना स्वस्थ वाटते. पण नंतर बोटांच्या बेचक्यांतलेही तेल पुसून काढावे. तेलकट पायांनी न्हाणीघराकडे निघालेली आजी घसरली, तर खुब्याचे हाड मोडू शकते.

घरातल्यांचा आग्रह बहुधा ‘जोर लावा’ असा असतो, आणि नुकसान तिथेच होते. म्हातारपणी कातडी पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या दाबानेही काळेनिळे डाग उठतात. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ पाठीला लावून घेण्याची जुनी समजूत आहे. हाडे ठिसूळ झालेल्या पाठीचा मणका अशाने दबून मोडू शकतो. पक्षाघाताने लुळा पडलेला हात खांद्यातून सैल झालेला असतो, तो ओढू नये. ताप, उघडी जखम, कातडीचा संसर्ग किंवा कर्करोगाची गाठ असलेली जागा यांना हात लावू नये. दोन्ही पायांवर सूज असेल तर आधी हृदय आणि मूत्रपिंड तपासून घ्यावेत.

सर्वांत घातक चूक पोटरीची. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर ‘गोळा आलाय’ म्हणून ती रगडू नये. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा फार दिवस पडून राहिल्यावर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते; चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. त्या दिवशी तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करावा.

माकडहाड, खुबे आणि टाचा यांवरचा लाल डागही चोळायचा नसतो. पूर्वी अशा जागी स्पिरिट आणि पावडर चोळण्याची पद्धत रुग्णालयांतही होती. आता ती चुकीची मानतात, कारण आतली दुखावलेली कातडी त्याने आणखी तुटते. डाग बोटाने दाबून बघावा. दाबूनही तो फिका पडत नसेल, तर शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू झाला असे समजून त्या अंगावरचा भार काढावा आणि दर दोन तासांनी कूस बदलावी.

मालिशीच्या उपयोगाचा पुरावा मर्यादित आहे. दुखणे आणि बेचैनी तात्पुरती कमी होते, असे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयीच्या २००६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) हाताच्या मालिशीने अस्वस्थता थोडा वेळ कमी झाल्याचे आढळले, पण हे निष्कर्ष अगदी थोड्या माणसांवरचे होते. असे अनेक रुग्ण ‘दुखतंय’ म्हणू शकत नाहीत. कपाळाला पडलेली आठी, आखडून घेतलेला हात, रोखून धरलेला श्वास, यांवरूनच मालीश करणाऱ्याने थांबायचे असते. बोलता येत असेल, तर अंगाला हात लावण्याआधी विचारावे. संकोचामुळे आजींना बाईच हवी असते आणि आजोबांना पुरुष.

रोज अंग चोळणाऱ्याच्या नजरेला नवा डाग, वाढलेली सूज किंवा अंगठ्याची चिघळलेली चीर घरातल्यांच्या आधी पडते. म्हणून काही घरांत उशाशी एक वही असते. मावशींना लिहिता येत नसेल तर त्या सांगतात आणि घरातले कोणीतरी तारीख टाकून उतरवून घेते. डॉक्टर आले की ती वही त्यांच्या हाती देतात.