तिरहूतची नीळ आणि सी. टी. स्टड यांचा त्याग

२९ ऑगस्ट १८८२. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाला हरवायला इंग्लंडला फक्त ८५ धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ याने डाव ७७ वर गुंडाळला, आणि दहाव्या क्रमांकावर आलेला २१ वर्षांचा चार्ल्स स्टड एकही चेंडू न खेळता नाबाद राहिला. याच पराभवातून ‘अ‍ॅशेस’ ही इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेची ओळख जन्माला आली. त्याच मोसमात स्टड यांनी याच पाहुण्या संघाविरुद्ध दोन शतकं केली होती, एक केंब्रिजकडून आणि एक एमसीसीकडून. पुढे आयव्हो ब्लाय यांच्या संघाबरोबर ते ऑस्ट्रेलियालाही गेले. आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये, ऐन बहरात, क्रिकेट मागे ठेवून ते मिशनरी म्हणून चीनला निघाले.

ही गोष्ट बहुधा इथूनच सांगतात. पण तिचं मूळ आपल्याकडे, बिहारात आहे. स्टड यांचे वडील एडवर्ड तिरहूतमधले निळीचे मळेवाले. तिथे कमावलेल्या पैशावर त्यांनी इंग्लंडात हवेली घेतली, घोड्यांच्या शर्यतींचा शौक केला. त्यांच्या सॅलमँडर या घोड्याने १८६६ ची ग्रँड नॅशनल जिंकली. पुढे अमेरिकन धर्मोपदेशक मूडी यांच्या सभांना गेले आणि माणूस पालटला. शर्यतीचे घोडे विकले, घरात प्रार्थनासभा सुरू झाल्या. तिन्ही थोरल्या मुलांवर तो संस्कार झाला. चार्ल्सचा उत्साह मध्यंतरी क्रिकेटच्या कौतुकात मावळला होता. भाऊ जॉर्ज मरणाच्या दारात पोचला, तेव्हा हा उत्साह पुन्हा जागा झाला.

स्टड यांच्यासह चीनला गेलेल्या सात तरुणांना ‘केंब्रिज सेव्हन’ म्हणत. हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी चिनी पोशाख घातला, डोक्यावर वेणी राखली. तिथेच वयाच्या पंचविशीनंतर वडिलोपार्जित सुमारे २९,००० पौंड स्टड यांच्या वाट्याला आले. जानेवारी १८८७ मध्ये त्यांनी चेक लिहायला घेतले: ५,००० पौंड मूडींना, ५,००० ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरना, ५,००० भारतातल्या मुक्तिफौजेला (साल्व्हेशन आर्मी). आणखी काही देणग्यांनंतर उरलेले ३,४०० पौंड लग्नाआधी होणाऱ्या पत्नी प्रिसिला स्टुअर्ट यांच्या हाती दिले, तर त्यांनी तेही देऊन टाकायला लावले.

माझ्या दृष्टीने या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. याच मुलखातल्या चंपारणात रयतेवर निळीची सक्ती होती आणि तिच्याविरुद्ध १९१७ मध्ये सत्याग्रह झाला. निळीच्या धंद्यातून आलेल्या वारशाचा एक हिस्सा मुक्तिफौजेच्या देणगीतून या देशात परतला. स्टड यांनी तो कर्ज फेडण्याच्या भावनेने दिला नव्हता, श्रद्धेने दिला होता. तरी हिशेब लिहिताना रयतेचं नाव गाळू नये. भारतातल्या मुक्तिफौजेची सुरुवात १८८२ मध्ये मुंबईतच झाली होती. आणि म्युलर व चायना इनलँड मिशन यांच्याविषयी वाचूनच पंडिता रमाबाईंना केवळ देवावर भिस्त ठेवून काम करण्याचं बळ मिळालं. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन त्याच वळणावरचं.

चीनमध्ये प्रकृती ढासळली आणि १८९४ मध्ये ते मायदेशी परतले. १९०० ते १९०६ या काळात ते उटीच्या चर्चमध्ये पाळक होते. मग पन्नाशी उलटल्यावर, १९१३ मध्ये, बेल्जियन काँगोत गेले. तिथला काळ केवळ गौरवाचा नाही. ते दिवसाचे अठरा तास राबत आणि सहकाऱ्यांकडूनही तेवढंच मागत. दुखण्यांसाठी घेतलेलं मॉर्फीन सुटलं नाही, आणि अखेरीस इंग्लंडमधल्या त्यांच्याच समितीशी त्यांचं बिनसलं.

या सगळ्याची सर्वांत जड किंमत प्रिसिला यांनी मोजली, असं मला वाटतं. हृदयाचा आजार सांभाळत स्टड यांच्या काँगोतल्या मिशनचा इंग्लंडमधला कारभार त्यांनी ओढला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत पतीची भेट झाली ती एकदाच, १९२८ मध्ये, जेमतेम पंधरा दिवस. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. १६ जुलै १९३१ रोजी स्टड इबांबी इथे वारले. त्यांचं मिशन पुढे जावई नॉर्मन ग्रब यांनी सांभाळलं आणि काँगोबाहेर अनेक देशांत नेलं.