जावात मेथडला ऑब्जेक्ट दिला म्हणजे नेमकं काय दिलं?

लातूर-नांदेडची इंजिनिअरिंगची पोरं पुण्याला इंटरव्ह्यूला गेली की एक प्रश्न हमखास पुढ्यात येतो, जावा ह्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये मेथडला, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याला, ऑब्जेक्ट म्हणजे माहितीचा गठ्ठा दिला, तर तो पास बाय रेफरन्स जातो (मूळ व्हेरिएबलच हातात देणं) का पास बाय व्हॅल्यू (व्हेरिएबलमध्ये जे आहे त्याची कॉपी देणं), आणि बरीचशी पोरं रेफरन्स म्हणून मोकळी होतात. पोरांचा तरी काय दोष, कित्येक नोट्समध्येच तसं लिहिलेलं असतं.

उत्तर आहे व्हॅल्यू. १९९५ ला जावा आली तेव्हापासून तिथं व्हॅल्यूच पास होते, इंट म्हणजे साधा आकडा असो नाहीतर भलाथोरला ऑब्जेक्ट.

घोळ असाय की व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतोच, तो हीपमध्ये म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीच्या भागात असतो, व्हेरिएबलमध्ये फक्त त्याचा पत्ता, आणि मेथडला त्या पत्त्याची कॉपी मिळते. ट्रॅक्टरवाल्याला गट नंबरच्या चिठ्ठीची झेरॉक्स दिली तरी नांगरट तुमच्याच रानात होणार ना, पण त्यानं झेरॉक्सवरचा नंबर खोडून दुसरा लिहिला तर तुमच्या चिठ्ठीला काय फरक पडत नाही.

आता कोड बघा. शेत नावाचा क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, त्यात पीक ही फील्ड म्हणजे माहितीचा कप्पा. मेनमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडमध्ये, एक शेत बनवलं, पीक ठेवलं सोयाबीन, आणि ते पेरणी नावाच्या मेथडला दिलं, तिथं पॅरामीटरचं नाव श. पहिली ओळ, श डॉट पीक बरोबर तूर. दुसरी, श बरोबर न्यू शेत. तिसरी, श डॉट पीक बरोबर कापूस. मेनमध्ये परत येऊन प्रिंट मारलं तर? तूर येते! दुसऱ्या ओळीलाच श नव्या शेताकडं वळला, कापूस तिकडं गेला, मेथड संपल्यावर त्या शेताला कुणी वाली नाही, जावाचा मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर नेतो कधीतरी उचलून. खरंच पास बाय रेफरन्स असतं तर कापूस आला असता. सी प्लस प्लसमध्ये पॅरामीटरला अँपरसँड लावा नाहीतर सी शार्पमध्ये रेफ लिहा, तिथं कापूसच येतो.

पायथन ह्या लँग्वेजचंही जावासारखंच. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या टीमनं १९७० च्या दशकात सीएलयू लँग्वेज बनवताना ह्या प्रकाराला कॉल बाय शेअरिंग म्हटलं, मला तर हेच नाव जास्त पटतं.

खरा त्रास लिस्टचा, म्हणजे ऑब्जेक्टच्या यादीचा होतो. मेथडला अ‍ॅरेलिस्ट दिली आणि आत कुणी क्लिअर मारलं की बाहेरची पण रिकामी, एरर वगैरे काही येत नाही, शोधत बसा मग. नको असेल तर नवी अ‍ॅरेलिस्ट बनवून कॉपी द्यायची, पण ती कॉपीपण वरवरचीच असते बरं का, आतले ऑब्जेक्ट दोन्हीकडं तेच राहतात.